पोचलं, ऐकलं

सुमंत गजभिये गेला, तेव्हा त्याच्या टेबलावरच्या वस्तू त्याची आई येऊन घेऊन गेली. डबा, हेल्मेटची जुनी पिशवी, निळा स्वेटर. लॅपटॉप कंपनीचा होता, म्हणून तो मागे राहिला. मालक रजतने तो लोखंडी कपाटात ठेवला. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्या कपाटाकडे कोणी फिरकलं नाही. सहा माणसांचं ऑफिस ते. पाण्याच्या कॅनकडे जाताना सगळे कपाटाला वळसा घालूनच जायचे, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

या ऑफिसचं एकच सॉफ्टवेअर होतं. त्याचं नाव ‘नाद’. गिरणीतल्या माणसाने बेअरिंगचा, मोटरचा, सूत कातणाऱ्या चात्यांचा आवाज भरायचा, दुसऱ्या जागी बसलेल्या जाणत्या इंजिनिअरने तो ऐकायचा आणि यंत्राचं दुखणं सांगायचं. ही कल्पना सुमंतची. त्याचे वडील देवराव लकडगंजच्या आरा मशीनवर तीस वर्षं होते. लाकडात खिळा असला तर पातं त्याला टेकायच्या आत त्यांना आवाजावरून कळायचं, असं तो सांगायचा.

आणि ‘नाद’मध्ये फाइल उघडायची खिडकी होती, तीही सुमंतचीच. एरवी ‘फाइल उघडा’ म्हटलं की विंडोज, मॅक, लिनक्स, ज्याची त्याची स्वतःची खिडकी समोर येते. लोकांचे हात तिला सरावलेले असतात. सुमंतने या तिन्ही खिडक्या बाजूला सारून आपली एकच काढली होती. राखाडी रंगाची, मोठ्या ठसठशीत अक्षरांची. प्रत्येक फाइलच्या पुढे हिरव्या अक्षरांत एक शब्द उमटायचा. आवाज समोरच्या मशीनवर गेला की ‘पोचलं’. तिथे कोणी तो वाजवला की ‘ऐकलं’.

गिऱ्हाइकांना मात्र ती खिडकी नको झाली होती. तिच्यात त्यांच्या गिरणीतले सामायिक ड्राइव्ह दिसत नसत. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीने सगळी मशीनं लिनक्सवर नेली, तर तिथे मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन उमटू लागले. नंदिनी रामटेके सुमंतच्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिने त्याला दोन वर्षांत तीन-चारदा म्हटलं असेल, “सुमंत, ही खिडकी काढून टाक ना. सिस्टिमची आहे ती लाव.” तो मान डोलवायचा. “करू ना. घाई काय आहे?” एवढ्या हुशार माणसाने एवढ्याशा कामाला का टाळावं, हे तिला कधी कळलं नाही.

नोव्हेंबरात त्या सूतगिरणीने शेवटचं पत्र पाठवलं. रजतने कपाट उघडलं आणि लॅपटॉप नंदिनीच्या पुढ्यात आणून ठेवला.

“हे काम आता तूच कर. सुमंतची सगळी जुळणी याच्यावरच आहे. दुसरीकडे ‘नाद’ बनतच नाही, अश्विननं दोन दिवस डोकं फोडलं.”

नंदिनीने लॅपटॉपला हात लावला नाही. “दुसऱ्या कोणाले द्या ना सर.”

“दुसरं कोण आहे?” रजत म्हणाला. मग आवाज खाली आणून, “मले समजते ना. पण इलाज नाही.”

त्याला समजत नव्हतं. कोणालाच समजत नव्हतं, कारण तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. सहा मार्चला बुटीबोरीला जायची पाळी तिची होती. सकाळी चहा घेता घेता ती सुमंतला म्हणाली होती, “आज माह्या पोरीचा शाळेत कार्यक्रम आहे. तू जाशील काय?” तो लगेच म्हणाला, “जातो ना. मले तसंही—” तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि त्याचं पुढचं वाक्य तिने ऐकलंच नाही. दुपारी बुटीबोरीच्या अलीकडे ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं. नंदिनी तेव्हा शाळेच्या अंगणात टाळ्या वाजवत होती. नंदनवनच्या घरी पोळ्या लाटताना, पोरीची वेणी घालताना, केव्हाही, ते ‘जातो ना’ तिच्या कानाशी येऊन उभं राहायचं.

तिने लॅपटॉप चार्जिंगला लावला. तो चालू झाला, नेटला जोडला गेला, आणि पंखा घरघरू लागला. आठ महिन्यांचं काहीतरी तो एका दमात खाली ओढत होता. अपडेट असतील, असं तिला वाटलं.

काम तसं अवघड नव्हतं. सुमंतची खिडकी बोलावणाऱ्या ओळी शोधायच्या, आणि त्या जागी सिस्टिमलाच विचारायचं, ‘तुझी खिडकी उघड आणि माणसाने काय निवडलं ते मला सांग.’ तिन्ही सिस्टिमांना विचारायची रीत वेगळी, एवढंच. शोधता शोधता तिला एका कोपऱ्यात फेब्रुवारीतलं अर्धवट काम सापडलं. सुमंतने हीच गोष्ट स्वतः करून पाहिली होती. विंडोजपुरती ती पूर्ण चालत होती. मग कोणाला न सांगता त्याने ती बाजूला ठेवून दिली होती. तिला नवल वाटलं. झालेलं काम का दडवावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पहिल्यांदा नव्या खिडकीची चाचणी घेतली. बटण दाबलं. विंडोजची ओळखीची पांढरी खिडकी उघडली.

ती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये उघडायला हवी होती. उघडली ती ‘बाबा’ नावाच्या फोल्डरमध्ये.

आत आवाजांच्या फाइली होत्या. ‘नाद’ फाइलीला नाव म्हणून तारीख नि वेळ देतं. सगळ्यात वरची फाइल कालची होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तिच्या खाली परवाची, चार दहाची. त्याच्या आदल्या दिवशीची, चार अकराची. नंदिनीने माउसचं चाक फिरवलं. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. रोज एक. जुलै, जून. सुमंतला जाऊन नऊ महिने होत आले होते, आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये, कुलूपबंद कपाटात, रोज चारच्या सुमारास एक आवाज भरला जात होता.

तिने खिडकी बंद केली.

“अश्विन, इकडं ये जरा.”

अश्विन मॅकची बाजू पाहायचा. त्याने खुर्चीतूनच मान वळवली. “सुमंतच्या फोल्डरात उघडून राहिली ना? होते तसं. विंडोज लक्षात ठेवते. त्या नावाचा प्रोग्राम शेवटी कुठं फिरला, ते तिच्याजवळ असते. आपण नाही सांगत, तीच ठेवते. सुमंतनं कधी टेस्ट केली असेल.”

“आणि तारखा?”

“कोणत्या तारखा?”

तो उठून आला. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ‘बाबा’. अश्विनने यादी खालपर्यंत फिरवून पाहिली.

“हा फोल्डर घरच्या कॉम्प्युटरशी जोडला असंल,” तो शेवटी म्हणाला. “तिकडं कोणी काही ठेवलं का इकडं येते. तू लॅपटॉप चालू केला तशा सगळ्या एकदम आल्या. भूतबीत काही नाही बावा.” पण तो हसला नाही, आणि आपल्या जागेवर जाऊन त्याने कानाला हेडफोन लावले.

उलगडा पटण्यासारखा होता. नंदिनीला तो पटलाही. तरी खिडकी तिच्याने बंद करवेना. घड्याळात चार वाजून गेले होते. ती पाहत असतानाच यादी एका ओळीने खाली सरकली आणि वर नवी फाइल आली. आजची. चार वाजून नऊ मिनिटं.

कोणाच्या तरी घरात, आत्ता, या क्षणी कोणी बोलून थांबलं होतं.

पुढचा अर्धा तास तिने दुसरं काम केलं. निदान तसं दाखवलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे तिला कळत होतं. पण यादीच्या तळाशी, मार्चमध्ये, एक मोकळी जागा होती. पाच मार्चपर्यंत रोजची फाइल होती. मग काहीच नाही. मग सतरा मार्च. त्या सतरा तारखेवरून तिची नजर हटेना. तिने हेडफोन लावले आणि चाचणीसाठी बनवलेल्या ‘नाद’मध्येच ती फाइल वाजवली.

आधी नुसती शांतता. पंख्याची घरघर, लांब कुठे तरी लाकूड कापणारं यंत्र. खुर्ची करकरली. कोणी तरी खोल श्वास घेतला. मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज, माइकच्या अगदी जवळ तोंड नेलेलं.

“आहेस काय गा?”

आवाज उत्तरासाठी थांबला होता. खरोखरच थांबला होता. पुरती दहा-बारा सेकंदं.

“मीच धाडलं तुले,” आवाज म्हणाला. “तुह्या मायले नाई सांगतलं मी. ऑफिसच्या कामानं गेलता, असंच समजते ते. पण आदल्या रात्री म्या तुह्यामागं टुमणं लावलं. आऱ्यावरच्या माह्या जोडीदाराचं, धोंडबाचं काही खरं नाई, बुटीबोरीले जाय, त्याचा आवाज भरून आण. तू म्हणे, रविवारी जातो बाबा. म्या म्हटलं, रविवारपर्यंत राह्यला नाई तर? रागानं बोललो. तू जेवता जेवता उठला.” पुन्हा शांतता. “धोंडबा जिवंत आहे गा. चांगला खाऊन-पिऊन आहे.”

नंदिनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून अजून बारीक बोलणं येत होतं. तिने आवाज बंद केला.

मले तसंही. मले तसंही तिकडं जायचंच आहे. वाक्य एवढंच होतं. नऊ महिने ते अर्धवट होतं, आणि आता ते दुसऱ्याच माणसाने तिच्या कानात पुरं केलं होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला फक्त ती दहा-बारा सेकंदं ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. रजतने तो नंदिनीकडे दिला. “सुमंतची आई आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणतात.”

“जय भीम, नंदिनी बेटा,” कांताबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीत होत्या, निवृत्त झाल्या होत्या. बोलणं मुद्द्याचं. “एक विचारतो. सुमंतच्या मशीनले तुमच्याकडं कोणी हात लावला काय?”

“हो काकू. म्हणजे मीच लावला. कामासाठी.”

“मले वाटलंच.” पलीकडे त्यांनी श्वास सोडला. “तीन दिवस झाले, आमच्या बुढ्याचं चित्त थाऱ्यावर नाई. पोरगा होता तवापासून रोज चारले बोलत असते त्या कॉम्प्युटरपाशी, तो तिकडं ऑफिसात ऐके. म्या म्हटलं, बोलू द्या, मन मोकळं होते. पोरगा गेल्यापासून तिथं काही उमटत नव्हतं. सोमवारी एकदम सगळ्यांपुढं पोचलं, पोचलं, पोचलं. वरून खालपर्यंत हिरवं. आणि काल एकीपुढं ‘ऐकलं’ आलं. तवापासून खुर्चीवरून उठूनच नाई राह्यले. जेवलेही नाई.”

नंदिनीला हे ठाऊक असायला हवं होतं. फाइल वाजवली की शेजारी खुणेची एक बारीक फाइल पडते, आणि तीही समोरच्या मशीनवर जाते. तो कोड तिने शंभरदा वाचला होता. खिडकी बदलली, तरी खूण पाठवणाऱ्या ओळींना तिने कुठे हात लावला होता? ती इथे हेडफोन लावून भ्याली होती, आणि तिकडे लकडगंजच्या घरात तिच्याच बोटाने एका बापाला त्याच्या मेलेल्या पोराचा जबाब दिला होता.

“मी येतो काकू,” ती म्हणाली. “आत्ता येतो.”

तिने रजतला थोडक्यात सांगितलं, तर त्याने तिला दारात अडवलं. “त्याच्यापेक्षा तो फोल्डर तोडून टाक ना. अकाउंट बंद कर. त्याईले सांगू, बिघाड होता म्हणून.”

“बिघाड नव्हता सर.”

“म्हणून काय झालं?”

तिने चप्पल घातली आणि गाडी काढली.

लकडगंजच्या त्या गल्लीत अजून दोन आरा मशीन चालू होत्या. हवेत सागाच्या भुशाचा वास होता. घर दोन खोल्यांचं, नीट सारवलेलं-पुसलेलं. आतल्या खोलीत देवराव पाठमोरे बसले होते. अंगात सुमंतचा निळा स्वेटर. समोरच्या पडद्यावर राखाडी खिडकी पसरलेली, आणि अक्षरं एवढी मोठी, की दारातूनही वाचता यावीत.

त्या अक्षरांकडे पाहिलं आणि नंदिनीला सुमंतच्या टाळाटाळीचा अर्थ लागला. देवरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कानही तीस वर्षांच्या पात्याने अर्धे गेलेले. सिस्टिमच्या खिडकीत अक्षरं बारीक असतात, आणि तिथे कोणाला आपला रंग, आपला शब्द घालता येत नाही. ती जशी आहे तशी घ्यावी लागते. फेब्रुवारीत सुमंतने ती लावून पाहिली असणार, बापाचा फोल्डर उघडून पाहिला असणार, आणि ‘पोचलं’ नि ‘ऐकलं’ला जागाच उरली नाही हे पाहून मुकाट्याने परत ठेवून दिली असणार.

“कोण हाय?” देवरावांनी न वळता विचारलं.

“सुमंतच्या ऑफिसातली नंदिनी आली आहे,” कांताबाई मोठ्याने म्हणाल्या.

देवराव वळले. त्यांचा चेहरा पाहून नंदिनी दारातच थबकली. कालपासून न जेवलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. तो उजळलेला होता. त्याचंच तिला भय वाटलं.

“पाह्य वं पोरी,” त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “पाह्य, काय लिहिलं आहे.”

सतरा मार्च. हिरव्या अक्षरांत, ‘ऐकलं’.

“इतके दिवस म्या रोज विचारलं. काल ऐकलं त्यानं. आन् कोणतं ऐकलं? तेच! तेच ऐकलं, जे ऐकावं असं मले वाटे.”

कांताबाईंनी नंदिनीकडे पाहिलं आणि खाली बघितलं. गप्प राहणं सोपं होतं. राहिली असती, तर त्या दिवशी ते जेवलेही असते. नंदिनी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली, म्हणजे तिचे ओठ त्यांना दिसतील.

“काका, ते मी ऐकलं.”

“काय?”

“सुमंतचा लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. मी चालू केला, म्हणून सगळे पोचले. आणि काल ती फाइल मीच लावली. न विचारता लावली. चुकलं माझं.”

देवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरत गेला. तिने तो उतरताना पाहिला. तिथून पळून जावंसं तिला वाटलं.

“तू,” ते म्हणाले.

“हो.”

“सगळं ऐकलं?”

“नाही. धोंडबांचं नाव आलं तिथपर्यंत.”

त्यांनी चटकन कांताबाईंकडे नजर टाकली. “तू जाय, चहा मांड.”

“नाई जात,” कांताबाई म्हणाल्या. दाराच्या चौकटीला टेकून त्या उभ्या होत्या. “मले मालूम आहे सगळं. जाताना तो मले फोनवर सांगूनच गेलता. म्हणे, माय, ऑफिसचं काम निघालंच आहे, तर बाबाचंही करून येतो, लय मागं लागले. हसत होता.”

देवराव त्यांच्याकडे वळले. “मंग तू बोलली काहून नाई? नऊ महिने!”

“काय बोलू? तुमी तरी कुठं बोलले?”

बाहेर पातं लाकडात शिरलं आणि त्याचा आवाज उंच गेला. तो खाली आला. मग नंदिनीने आपलं सांगितलं. पाळी तिची होती. शाळेचा कार्यक्रम होता. तिने विचारलं आणि तो जातो म्हणाला. सांगताना तिने मान खाली घातली. देवरावांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा ते दुसरं सांगणं फार कठीण गेलं.

देवराव बराच वेळ हाताची बोटं चोळत राहिले. उजव्या हाताची दोन पेरं नव्हती.

“म्हंजे आपण दोघायनं मिळून धाडलं त्याले,” ते म्हणाले.

ते बोलणं दोष देणारं नव्हतं, आणि माफ करणारंही नव्हतं. आरा मशीनवर दोन माणसं ओंडका दोन टोकांनी धरतात, तसं त्यांनी ते धरलं आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. नंदिनीने मान हलवली.

कांताबाईंनी भात-वरण वाढलं. देवराव जेवले, थोडंच. जेवताना कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले.

“आता ते बंद करशीन?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगाल तसं.”

“बंद नोको करू. पोचू दे. ऐकू मात्र नोको.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मले मालूम आहे वं तो नाई म्हून. एवढा काई खुळा नाई मी. पण आरा बंद झाल्यावरही कानात चालूच राह्यते, तसं आहे ते.”

त्या महिन्यात नंदिनीने खिडकीचं काम पुरं केलं. तिन्ही सिस्टिमांवर त्यांची त्यांची खिडकी उघडू लागली. ‘पोचलं’ आणि ‘ऐकलं’ हे शब्द तिने त्या खिडकीतून काढून ‘नाद’च्या मुख्य पडद्यावर आणले, आणि तिथली अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतील अशी सोय केली. अश्विन म्हणाला, ही सोय मागितली कोणी? ती म्हणाली, एका गिऱ्हाइकानं. देवरावांचं जुनं ‘नाद’ तिने तसंच राहू दिलं. लॅपटॉप टेबलाच्या खणात चालू ठेवला. चारनंतर खण उघडणं ती टाळायची.

डिसेंबरात सूतगिरणीत नवी आवृत्ती बसवायला बुटीबोरीला जायची वेळ आली. नऊ महिन्यांत त्या रस्त्याला ती गेली नव्हती. तिने भाड्याची गाडी सांगितली आणि सकाळी आधी लकडगंजला गेली.

“काका, चालता काय? धोंडबांकडे जाऊ.”

त्यांनी कारण विचारलं नाही. टोपी घातली आणि मागे बसले. रस्त्यात ती जागा आली, तेव्हा दोघंही आपापल्या बाजूच्या काचेबाहेर पाहत होते. कुठे ते दोघांनाही नेमकं माहीत नव्हतं. सगळा रस्ताच ती जागा वाटत होता.

गिरणीतलं काम दुपारी आटोपलं. धोंडबा मुलाकडे, कामगारांच्या वसाहतीत राहायचा. बाजेवर उन्हात बसला होता, हाडं नि कातडी, पण डोळे टवटवीत. देवरावांना पाहून त्याने हात पसरले.

“ये देवराव. पोरगं नाई आणलं आज?”

देवराव बाजेच्या कडेला टेकता टेकता थांबले.

“कोणतं पोरगं?”

“तुह्यं. सुमंत. आलता ना? इथंच बसला होता, तू बसून राह्यला तिथं. गाडीवरून आला होता. कपडे सगळे धुळीचे. म्या म्हटलं, पाणी घे, तर नाई म्हणे.”

घरातून त्याची सून लगबगीने बाहेर आली. तिने नंदिनीला बाजूला घेतलं. “लक्ष नोका देऊ ताई. डोकं ठिकाणावर नाई त्याईचं. कोणी नाई आलं. मी घरीच असतो ना दिवसभर. तो पोरगा तर रस्त्यातच...” तिने वाक्य सोडून दिलं. “पण रोजच सांगते हे. मार्चपासून.”

पुढे होऊन देवरावांना उठवावं, घरी न्यावं, असं नंदिनीच्या मनात आलं. धोंडबाचा आवाज भरायला आणलेलं यंत्र तिच्या पिशवीत होतं. ते काढायचा धीर तिला झाला नाही, आणि आता ते काढू नये असंही वाटलं.

देवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ऐकू येणारा कान धोंडबाच्या तोंडाजवळ नेला.

“किती वेळ बसला होता?” त्यांनी विचारलं.

धोंडबा आठवू लागला. देवराव थांबले. सून आत चहा ठेवायला गेली, आणि नंदिनी ओट्याच्या पायरीवर बसून राहिली.